घराच्या बाजूच्या सावलीच्या बोळात काय लावावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराच्या उत्तरेला ४ फूट रुंद आणि १६ फूट लांब बोळ आहे. एका अंगाला घराची दुमजली भिंत, दुसऱ्या अंगाला ७ फुटी कुंपणभिंत. खाली अर्धी फरशी, अर्धी माती. गुलाब, मोगरा आणि जास्वंद लावून वर्ष झालं. गुलाब गेला, मोगऱ्याला एकही कळी नाही, जास्वंदीची नुसती काठी झाली. ऊन येत नाही तर इथे काय जगेल, आणि फुलं मिळतील का?

जास्वंदीपासून सुरुवात करतो, कारण निम्मं उत्तर तिनेच देऊन ठेवलंय. तिच्याजवळ जाऊन पाहा. दोन पानांमधली पेरं लांबली असतील, खोड सुतळीसारखं बारीक झालं असेल आणि सगळी पानं आभाळ दिसतं त्या अंगाला वळली असतील. तिला रोगबिग काही झालेला नाही, ती उपाशी आहे. अशा वेळी बहुतेक जण खताची मूठ वाढवतात. पण खतातून झाडाला मिळतात ते क्षार. अन्न ते शिजवतं उजेडावर. चूल विझलेली असताना मीठ वाढवून काय होणार?

प्रत्येक पानाचा जमाखर्च असतो. उजेडात ते साखर बनवतं, ती जमा. श्वसनात रात्रंदिवस साखर जळते, तो खर्च. उजेड इतका कमी झाला की जमा खर्चाखाली गेली, तर झाड साठवणीतलं खात बसतं आणि एक दिवस संपतं. गुलाब, मोगरा, जास्वंद ही सगळी खर्चिक मंडळी. उलट घनदाट जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढलेल्या जाती अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या. पान रुंद आणि पातळ, वाढ सावकाश, खर्च बेताचा. तुम्हाला हवीत ती अशी काटकसरी झाडं. आता जे काटकसरीनं राहतं ते पाणीही कमी पितं, खतही कमी खातं, नवी पानंही मोजून काढतं. इथेच गफलत होते. सावलीतली बरीच झाडं अंधारानं मरत नाहीत, उन्हातल्या झाडांसारखी त्यांची सेवा केल्यामुळे मरतात. माझ्या हातून मेलेली तर नक्कीच.

पण निवडही चुकू शकते, आणि ती मी चांगलीच चुकलोय. या कामात नवीन असताना अशाच एका अरुंद जागेत मी क्रोटनच्या २२ कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. लाल, पिवळी, नारिंगी पानं. मालक खूश, मीही खूश. चार महिन्यांनी गेलो तर नवी पानं सगळी हिरवी आणि खालची गळून गेलेली. २२ काठ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक हिरवा झुबका. मालक काही बोलले नाहीत. मीच गाडी आणून सगळ्या उचलून नेल्या.

म्हणून खरेदीच्या आधी मोजणी. यात डोळ्यांवर विसंबू नका. भर उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स उजेड पडतो, मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत १०,००० ते २०,०००, आणि दोन उंच भिंतींमधल्या बोळाच्या तळाशी तो हजार-दोन हजारांवरही येतो. एवढा फरक डोळ्याला मात्र ‘जरा अंधारं आहे’ इतकाच जाणवतो, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. फोनवर उजेड मोजणारी अ‍ॅप असतात. त्यांचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो.

फोन नको असेल तर एक पांढरा कागद घ्या. भर दुपारी तो जमिनीवर ठेवा आणि फूटभर वर पंजा धरा. बोटं मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर तिथे ऊन आहे. कडा पुसट, पण पंजा आहे हे कळतंय, तर ती उजळ सावली. तिथे बरंच काही जमतं. कागदावर नुसता धुरकट डाग दिसला, किंवा तोही नाही, तर ती गर्द सावली. तिथे चार-पाच जातींपलीकडे हौस करू नका.

माझी स्वतःची भरवशाची चाचणी याहून साधी आहे. कुंडी जिथे ठेवायची तिथे उकिडवं बसायचं, डोळे झाडाच्या उंचीला आणायचे आणि वर पाहायचं. आभाळाचा जेवढा पट्टा दिसतो तेवढं त्या झाडाचं उत्पन्न. मग स्टुलावर चढून कुंपणभिंतीच्या काठाशी डोळे नेऊन पुन्हा पाहायचं. तुमच्यासारख्या ४ फुटी बोळात या दोन आभाळांत कितीतरी फरक असतो. उजेड वरून येतो आणि भिंती त्यातला बराचसा मधेच पिऊन टाकतात. याचा फायदा असा की तुमच्याकडे एकच बोळ नाही, एकावर एक तीन जागा आहेत. तळाशी गर्द सावली, कमरेच्या उंचीला मध्यम, कुंपणाच्या काठावर उजळ. जमिनीवर मेलेलं झाड ५ फूट वर टांगलं की जगलं, हे मी अनेकदा पाहिलंय. दोन्ही भिंती पांढऱ्या रंगवता आल्या तर झाडं घेण्याआधी ते करा. बोळात एवढ्या कमी खर्चात एवढा उजेड दुसऱ्या कशानंही वाढत नाही.

ऋतूंकडेही लक्ष हवं. वर्षभरात सूर्य उत्तर-दक्षिण मिळून ४७ अंश सरकतो. उत्तर गोलार्धात घराची उत्तर बाजू हिवाळाभर सावलीत असते, पण जूनच्या आगेमागे सकाळी आणि संध्याकाळी तिथे तिरपं ऊन शिरतं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहत असाल तर काही आठवडे भर दुपारीही ऊन डोक्यावरून उत्तरेकडे कलतं. वर्षभर सावलीला सरावलेलं पान त्या आठवड्यांत भाजतं आणि कागदासारखे पांढुरके चट्टे पडतात. ते चट्टे पुन्हा हिरवे होत नाहीत. म्हणून निदान पहिलं वर्ष सगळं कुंड्यांत ठेवा आणि ऊन जिथवर येतं तिथे भिंतीवर खडूनं रेघ मारून तारीख लिहा. वर्षाअखेर त्या रेघांइतका उपयोगी नकाशा दुसरा नसेल.

मातीचा अर्धा भाग आहे म्हणालात. घराच्या भिंतीलगतची माती ही बहुतेक वेळा माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, चुना, वर बोटभर मातीचा थर. अशी जमीन अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की ओळखा. शिवाय वर छज्जा असेल तर पाऊस धो धो पडत असतानाही भिंतीलगतची फूटभर पट्टी कोरडी राहते. एक हात खोल खणून पाहा. राडारोडा निघाला तर तो काढून नवी माती भरा, नाहीतर सरळ कुंड्याच ठेवा. आणि काहीही करा, मातीची पातळी घराच्या जोत्याखाली निदान १५ सेंटीमीटर राहू द्या. जोत्याच्या वर ओली माती चढवली की ओल भिंतीत चढते, आणि मग झाडांचा विषय बाजूला राहून घरात वेगळाच विषय सुरू होतो. वड-पिंपळाच्या जातीचं कुठलंही झाड इथे जमिनीत नको. शोभेच्या फायकसचं छोटं रोपही त्याच घराण्यातलं आहे, मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांपर्यंत पोचतात. चेंबरच्या झाकणावर जड कुंडी ठेवायची नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आता कुंडी आणि पाणी. यावर जरा रेंगाळतो, कारण झाड जगणार की कुजणार ते इथे ठरतं.

तळाला खडी किंवा खापराचा जाड थर दिला की पाणी चांगलं निचरतं, असं आपण सगळेच ऐकत आलोय. मीही वर्षानुवर्षं तसंच भरलं. प्रत्यक्षात उलटं होतं. बारीक मातीतलं पाणी वरची माती तुडुंब होईपर्यंत जाड खडीत उतरतच नाही. त्यामुळे एरवी कुंडीच्या बुडाशी राहणारा चिखलाचा थर खडीच्या उंचीनं वर सरकतो, थेट मुळांत. पटत नसेल तर अंघोळीचा लांबट स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा आणि गळू द्या. गळणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेवढंच, फक्त उंची वाढली. उंच कुंडीत मुळांना कोरडी जागा जास्त मिळते ती याच कारणानं. तुमच्या बोळाला म्हणूनच अरुंद आणि उंच कुंड्या दोन्ही अंगांनी सोयीच्या, जागाही कमी अडते. भोकावर माती अडवायला खापराचा एक तुकडा पुरे.

मिश्रणही भुसभुशीत हवं. मी सावलीसाठी दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि दोन भाग काहीतरी जाडंभरडं घेतो: जाड वाळू, पर्लाइट, कोळशाचे बारीक तुकडे, जे मिळेल ते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, उन्हात वरदान आहे, सावलीत ते दिवसेंदिवस ओलं राहतं, म्हणून चिमूटभरच. कुंडी झाडाला सैल नको. छोट्या मुळांभोवती मोठा ओला गोळा म्हणजे कुजण्याचं आमंत्रण.

पाण्याचा वार ठरवू नका. दोन पेरं बोट मातीत घाला. आत ओलं लागलं तर परत फिरा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी जरा उचलून पाहणं. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं. पाणी घालाल तेव्हा मात्र तळातून निघेपर्यंत घाला, कपभर शिंपडून सोडू नका. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. डासाच्या अंड्याचा डास व्हायला ऊबदार हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि सावलीचा बोळ त्यांनाही आवडतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा ज्या पट्ट्यात येते तिथे काहीही ठेवू नका, पानं करपतात. खत वाढीच्या दिवसांत दीड-दोन महिन्यांनी एकदा, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

आता झाडं. तुमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठत नसेल तर पुढची यादी जशीच्या तशी चालेल.

अगदी तळाच्या गर्द सावलीसाठी माझी पहिली पसंती अस्पिडिस्ट्रा. हे नाव फारसं कानावर पडत नाही, कारण हे झाड इतकं सावकाश वाढतं की ते वाढवून विकणं कुणाला परवडत नाही. वर्षाला मोजून चार-सहा पानं. पण एकदा बसलं की अंधार, धूळ, विसरलेलं पाणी, सगळं सोसतं. त्याला फूलही येतं, जांभळट, थेट मातीला टेकलेलं. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. दुसरं झेडझेड प्लांट. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, मातीखाली बटाट्यासारखे कंद, त्यात पाण्याचा साठा. याला मारायचं असेल तर रोज पाणी घाला. छज्ज्याखाली ठेवा, उघड्या पावसात नको. तिसरं अग्लोनेमा, पण हिरव्या-रुपेरी पानांचं. लाल-गुलाबी जाती जास्त उजेड मागतात आणि बोळात मळकट होतात. थंडी १० अंशांच्या आसपास उतरत असेल तर त्या दिवसांत आत घ्या.

स्नेक प्लांटबद्दल तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. ‘सावलीचं झाड’ म्हणून त्याचा उदोउदो होतो, तो मला पटत नाही. ते मुळात कोरड्या, उजेडाच्या प्रदेशातलं झाड आहे. सावलीत ते मरत नाही एवढंच, वाढतही नाही. आणि बाहेर, पावसात, गर्द सावलीत ते बुडाशी कुजतं. ठेवायचंच तर वरच्या फळीवर ठेवा.

उंचीसाठी रॅपिस पाम, ज्याला लेडी पाम म्हणतात. बांबूसारख्या बारीक काठ्या, पंख्यासारखी पानं, सरळ उभी वाढ, त्यामुळे ४ फुटांच्या बोळात अंगावर येत नाही. अरेका स्वस्त असतो म्हणून लोक तो नेतात. तो फैलावतो, त्याला उजेड जास्त लागतो आणि वर्षात खालून उघडा पडतो.

नेच्यांशिवाय सावलीची बाग मला अपुरी वाटते. नेफ्रोलेपिस, म्हणजे नेहमीचा बॉस्टन फर्न, दणकट आहे, पण जमिनीत लावलात तर धावत्या फांद्यांनी सगळीकडे पसरतो. बर्ड्स नेस्ट फर्नची रुंद चकचकीत पानं छान दिसतात. पाणी कडेनं घालायचं, मधल्या वाटीत नाही. हंसराज सर्वांत देखणा आणि सर्वांत नाजूक. एकदा माती सुकली की एका दुपारीत त्याचा चुरा होतो. तसं झालंच तर फेकू नका, बुडापासून कापून माती ओलसर ठेवा. बऱ्याचदा तो महिन्याभरात पुन्हा कोंब काढतो.

कुंपणभिंतीवर चढवायला मनीप्लांट, सिंगोनियम किंवा हृदयाच्या आकाराच्या पानांचा फिलोडेंड्रॉन. मनीप्लांटची गंमत अशी की लोंबत सोडला तर पानं लहान होत जातात आणि आधार देऊन चढवला तर मोठी. भिंतीला मुळं चिकटून रंग खराब होऊ नये म्हणून जाळी भिंतीपासून ५-६ सेंटीमीटर पुढे लावा. जमिनीत मात्र मोकळा सोडू नका. उष्ण, दमट प्रदेशांत तो मोठमोठी झाडं वेढून टाकतो.

पांढऱ्या-पिवळ्या नक्षीच्या पानांचा मोह सावलीत होतोच, कारण काळोखात ती उठून दिसतात. पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग कमावत नाही. त्यामुळे त्याच झाडाच्या साध्या हिरव्या भावंडापेक्षा त्याला उजेड जास्त लागतो. तळाशी ठेवलं तर पुष्कळदा नवी पानं हिरवीच येतात. अशी झाडं डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर टांगा. स्पायडर प्लांट या कामाला उत्तम. कॅलाथियाची मखमली पानं पाहून वितळू नका; जड पाण्यानं आणि कोरड्या हवेनं त्याच्या कडा तपकिरी होतात. पहिल्या वर्षी नकोच.

फुलांचं खरं सांगायचं तर मोगऱ्यासारखा बहर इथे येणार नाही. पण अगदीच निराशाही नाही. पीस लिली सावलीतही पांढरं फूल देते. फार अंधार असेल तर फक्त पानं. तहान लागली की ती अशी मान टाकते की बघणारा घाबरतो, आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. एक सापळा लक्षात ठेवा. मुळं कुजली तरी ती तशीच मान टाकते. म्हणून आधी मातीत बोट, मग झारी. बोळाच्या दोन्ही तोंडांशी, जिथे उजळ सावली आहे, तिथे बिगोनिया आणि इम्पेशन्स फुलतील. दोन-तीन तास कोवळं ऊन मिळत असेल तर अबोलीही. ओल टिकणारा कोपरा असेल आणि थोडं ऊन येत असेल तर सोनटक्का लावून पाहा, वासाची हौस तो भागवेल. पानांतच रंग हवा असेल तर उजळ भागात कोलियस. शेंडे खुडत राहिलं तर दाट होतो, आणि खुडलेली फांदी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात.

जिथे बर्फ पडतं किंवा पाणी गोठतं तिथे वर सांगितलेली बहुतेक झाडं बाहेर टिकणार नाहीत. तिथे होस्टा, हेलेबोर, फॅटसिया आणि थंडीतले नेचे हा सावलीचा गोतावळा. होस्टावर गोगलगायी तुटून पडतात, तेवढी तयारी ठेवा.

घरात रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर एक सूचना. अग्लोनेमा, डिफेनबेकिया, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. ही वरच्या फळीवर ठेवा. नेचे, अस्पिडिस्ट्रा, रॅपिस आणि स्पायडर प्लांट खाली ठेवायला हरकत नाही.

मांडणीबद्दल एवढंच की चालायला अडीच फूट मोकळे सोडा, म्हणजे झाडांना उरतो दीड फूट. एवढ्यात पंधरा जातींचं प्रदर्शन मांडलं तर रोपवाटिकेचा कोपरा दिसतो. चार जाती घ्या आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरा. लहान जागेत लहान पानांची झाडं लावावीत असा समज आहे, मला तो मान्य नाही. थोडी आणि मोठ्या पानांची झाडं बोळाला शांत करतात. तुमच्या जागी मी कुंपणभिंतीच्या बाजूला तीन रॅपिस, त्यांच्या पायाशी अस्पिडिस्ट्रा आणि नेचे, मधल्या जाळीवर एक फिलोडेंड्रॉन आणि दोन्ही तोंडांशी पीस लिली ठेवीन. वर काठाशी चार टांगत्या कुंड्या स्पायडर प्लांटच्या. बस.

आणल्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात काही पानं पिवळी होऊन गळतील. रोपवाटिकेच्या उजेडात तयार झालेली ती पानं असतात, झाड त्यांचा खर्च कमी करत असतं. त्या काळात खत नाही, कुंडी बदलणं नाही, रोज जागा बदलणं तर मुळीच नाही.

उरली तुमची जास्वंद आणि मोगरा. दोन्ही जिवंत असतील तर गच्ची, खिडकी, जिथे निदान पाच-सहा तास ऊन आहे तिथे हलवा, पण एकदम नको. सावलीत तयार झालेली पानं पहिल्याच दिवशी भाजतील. पहिले तीन-चार दिवस फक्त सकाळचं ऊन, मग थोडं थोडं वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण उन्हात. नवी, आखूड पेरांची फूट दिसायला लागली की जास्वंदीच्या त्या लांबलेल्या काठ्या निम्म्यावर छाटून टाका.